शेणातला गॅस आणि थंडीतली शेगडी

डिसेंबर लागला की अकोला-अमरावतीकडे पहाटे बंब पेटतात आणि रात्री दार लावून माणसे शेगडीभोवती बसतात. पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या घरच्याच. पैसा पडत नाही. धुराची किंमत मात्र शरीर मोजते. बायकांचा जुनाट खोकला व दम, लहान मुलांचा न्यूमोनिया, मोतीबिंदू यांच्याशी चुलीच्या धुराचा संबंध आढळला आहे.

ज्यांच्या गोठ्यात चार-पाच जनावरे आहेत त्यांनी गोबर गॅसचा विचार अवश्य करावा. कल्पना जुनीच आहे. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठधामात 1897 साली मैल्याच्या गॅसवर दिवे लावले होते. पुढे देहूच्या डॉ. मापुसकरांनी शौचालयाला गॅसची टाकी जोडण्याचा ध्यास घेतला; 2017 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

शेण व पाणी समभाग कालवून बंद टाकीत सोडले की हवेशिवाय जगणारे जंतू त्यातून मिथेन तयार करतात. सुमारे 25 किलो शेणापासून एक घनमीटर गॅस मिळतो. तो साडेतीन किलो लाकडाचे काम करतो. अडचण एकच. या जंतूंना 35 अंशांच्या आसपासची ऊब मानवते, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच गॅस कमी पडतो. शेण कोमट पाण्यात कालवावे, रात्री टाकीवर कडबा किंवा पोती टाकावीत.

आता महत्त्वाचे. या गॅसवर स्वयंपाक करा, आंघोळीचे पाणी तापवा. पण बंद खोलीत ऊब मिळावी म्हणून तो रात्रभर जाळू नका. धूर दिसत नाही म्हणून धोका नाही, असे नव्हे. ज्योत खोलीतील प्राणवायू खाते आणि तो अपुरा पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट धरतो. डोके दुखणे, मळमळ, गरगरणे ही लक्षणे; झोपलेल्या माणसाला तीही कळत नाहीत. कोळशाच्या शेगडीत हा धोका आणखी मोठा. एकाच घरातील दोघा-तिघांचे डोके एकदम दुखू लागले तर ‘थंडी बाधली’ म्हणून पांघरूण ओढू नये. सर्वांना आधी मोकळ्या हवेत आणावे आणि लगेच दवाखाना गाठावा.

सडक्या अंड्यासारखा वास आला तर गॅस गळतो आहे असे समजावे. काडी ओढू नये, दिव्याचे बटण दाबू नये. खिडक्या उघडून बाहेरची तोटी बंद करावी. नळीचे सांधे साबणाच्या पाण्याने तपासावेत. टाकीत साफसफाईसाठी कोणीही उतरू नये, रिकामी दिसली तरीही. आत पडलेल्याला काढायला दुसरा उतरतो आणि दोघेही जातात.

शौचालय जोडलेले असेल तर बाहेर पडणारी मळी ओली असताना भाजीच्या वाफ्यात घालू नये. जंतांची काही अंडी टाकीतूनही जिवंत निघतात. ती मळी खड्ड्यात चांगली कुजवून, वाळवूनच शेतात न्यावी. सांबाराच्या किंवा मेथीच्या वाफ्याला तर तीही नकोच.