इंदूरच्या महाराजांची ड्यूसेनबर्ग

मंडळी, बहरीनला राहायचं आणि गाड्यांचा विषय टाळायचा, हे जमणं कठीण! ४ एप्रिल २००४ रोजी साखीरच्या सर्किटवर पहिली ग्रां प्री झाली आणि शूमाकर जिंकला, हे आपल्या जुन्या सभासदांना नक्की आठवत असेल. ग्रां प्री गाजवलेल्या एका कंपनीची गाडी आपल्या मराठी राजघराण्यात होती. तिची ही हकीकत.

ड्यूसेनबर्ग ही अमेरिकेतल्या इंडियानापोलिसची कंपनी. १९२१ साली तिच्या गाडीने ल मां येथे फ्रेंच ग्रां प्री जिंकली. पुढे १९२८ मध्ये तिचं 'मॉडेल जे' आलं. ६.९ लिटरचं इंजिन, एका रांगेत आठ सिलिंडर, प्रत्येकाला चार व्हॉल्व्ह, ताकद २६५ अश्वशक्ती. हवा दाबून आत ढकलणारा सुपरचार्जर जोडला की तीच ताकद ३२० वर जायची, आणि अशा गाडीला म्हणायचे 'एसजे'.

इंदूरचे यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३५ ची एसजे घेतली. त्या काळी अशा गाड्यांचं चॅसिस आणि इंजिन एकीकडून घ्यायचं आणि बॉडी आपल्या पसंतीच्या कारागिराकडून बांधून घ्यायची, अशी पद्धत होती. माणिकबाग राजवाडा एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुतज्ज्ञाकडून करून घेणारे हे महाराज. साधी बॉडी त्यांना कशी चालावी? काम गेलं लंडनच्या गर्नी नटिंगकडे. लांबलचक नाक, उघडा टप, रंग केशरी-नारंगी आणि काळा. इंजिन क्रमांक जे-५८५. १९३७ मध्ये ड्यूसेनबर्ग बंदच पडली.

१९४८ मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झालं, १९६१ मध्ये महाराज गेले. गाडी अमेरिकन संग्राहकांकडे पोहोचली, पण तिथेही ती 'इंदूरच्या महाराजांची' म्हणूनच ओळखली जाते.

आम्ही वर इंजिन क्रमांक मुद्दाम दिला. ड्यूसेनबर्ग जुन्या झाल्यावर एकीची बॉडी दुसरीवर, दुसरीचं इंजिन तिसरीत, असे प्रकार पुष्कळ झाले. म्हणून जाणकार आधी चॅसिस, इंजिन आणि बॉडी मुळात एकाच गाडीची आहेत का ते पाहतात. रंगाची चकाकी नंतर. चकाकी काय, पैसे टाकले की येते.

आपल्याकडेही २०२१ च्या नियमांनी हेच मान्य केलं. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली, चॅसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार न झालेली खासगी गाडी 'व्हिंटेज' ठरते. नोंदणी फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरं. अशी गाडी प्रदर्शनाला, रॅलीला काढता येते; रोज ऑफिसला नेता येत नाही.

तेव्हा गावी आजोबांची फियाट ११०० शेडमध्ये धूळ खात उभी असेल, तर या सुट्टीत मेकॅनिकला बोलावण्याआधी आरसी बुक शोधा, दोन्ही क्रमांक ताडून पाहा, फोटो काढून ठेवा. आणि निघालेला एकही जुना पार्ट भंगारवाल्याला देऊ नका!