शेकडा किती? आणि कशाचे?



टक्केवारीचा धडा कोणत्या पुस्तकात असतो, असं विचारलं तर तुम्ही सगळे एका सुरात ‘गणिताच्या!’ म्हणाल. उत्तर चूक नाही, पण अर्धंच आहे. भूगोलात साक्षरतेचे टक्के असतात, विज्ञानात हवेतल्या वायूंचे, इतिहासात चौथाईचे. चित्रकलेच्या वहीतसुद्धा प्रमाण असतंच. गंमत अशी, की गणिताच्या तासाला शेकडेवारीची दहा उदाहरणं धडाधड सोडवणारी मुलं भूगोलाच्या तासाला तोच आकडा दिसला की घोकायला लागतात. जणू काही घंटा झाली आणि शंभराचा हिशेब गणिताच्या वहीबरोबर दप्तरात गेला!

आज आपण तो दप्तरातून बाहेर काढू या. बरोबर एकच प्रश्न घ्यायचा. कुठेही टक्के दिसले, की विचारायचं, ‘कशाचे?’

सुरुवात तुमच्या आवडत्या (की नावडत्या?) गोष्टीपासून करू. समजा, घटक चाचणीत तुम्हाला २० पैकी १८ गुण मिळाले. म्हणजे ९० टक्के. मग सत्र परीक्षेत ८० पैकी ४८ मिळाले. म्हणजे ६० टक्के. आता दोन्ही मिळून किती? बहुतेक जण ९० आणि ६० ची बेरीज करून, दोनाने भागून ‘७५’ म्हणून मोकळे होतात. पण जरा थांबा. एकूण गुण १००, त्यातले मिळाले १८ + ४८ म्हणजे ६६. मग टक्केही ६६ च. ७५ कुठून आले? ते नव्वद टक्के होते वीस गुणांचे आणि साठ टक्के होते ऐंशी गुणांचे. लहान डब्यातले आणि मोठ्या डब्यातले टक्के सारख्याच वजनाचे धरले, तिथे हिशेब फसला. आईबाबांनीही हे उदाहरण एकदा करून पाहावं. ‘किती टक्के पडले?’ एवढं विचारून आपण पुष्कळदा थांबतो, म्हणून सांगते.

आता भूगोल. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे ११ कोटी २४ लाख होती आणि साक्षरता ८२.३४ टक्के. तर मग साक्षर माणसं किती? कागद-पेन्सिल घ्या. गुणाकार केला तर उत्तर येतं सुमारे ९ कोटी २५ लाख. पण जनगणनेने मोजलेले साक्षर होते सुमारे ८ कोटी १५ लाख. अरेच्चा! एक कोटीहून जास्त माणसं गेली कुठे?

कुठेही गेली नाहीत, ती पाळण्यात आणि अंगणात होती. साक्षरतेचे टक्के काढताना सात वर्षांखालची मुलं धरत नाहीत, कारण दोन वर्षांच्या बाळाला वाचता येत नाही म्हणून त्याला निरक्षर म्हणणं बरं नव्हे. महाराष्ट्रात तेव्हा अशी मुलं होती सुमारे १ कोटी ३३ लाख. ती वजा केली की उरतात ९ कोटी ९१ लाख, आणि त्यांचे ८२.३४ टक्के काढले की उत्तर बरोब्बर जुळतं. आकडा तोच होता, फक्त तो ‘सगळ्यांचा’ नव्हता. ‘सात वर्षं आणि त्यापुढच्यांचा’ होता.

साक्षरतेचीच आणखी एक गोष्ट सांगते, ती मोठ्यांनाही चकवते. १९८१ साली भारतात साक्षरता होती ४३.५७ टक्के. १९९१ साली ती ५२.२१ टक्के झाली. छान वाढली, नाही का? आता सांगा, या दहा वर्षांत निरक्षर माणसांची संख्या कमी झाली की वाढली? ‘कमी झाली’ असं तुमच्या तोंडावर आलं असेल, पण ती दोन कोटींहून अधिक वाढली! कारण त्या काळात लोकसंख्याच भराभर वाढत होती. ताट मोठं झालं, त्यातला निरक्षरांचा भाग शेकड्याने लहान झाला, तरी माणसं मोजली तर जास्तच भरली. टक्के आणि माणसं दोन्ही एकदम कमी झाल्याचं दिसलं ते पुढच्या, म्हणजे २००१ च्या जनगणनेत. म्हणून ‘साक्षरता वाढली’ एवढं वाचून टाळ्या वाजवण्याआधी, शाळेबाहेर राहिलेली माणसं किती, हेही विचारायला हवं.

आणि हो, भूगोलातली एक छोटी फसगत. महाराष्ट्रात दर हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया (२०११) असं तुम्ही वाचता. याचा अर्थ लोकसंख्येत ९२.९ टक्के स्त्रिया असा मुळीच नाही! हजार पुरुष आणि ९२९ स्त्रिया मिळून झाले १९२९. त्यांत स्त्रिया ९२९, म्हणजे सुमारे ४८ टक्के. ‘अमक्यामागे तमके’ हे गुणोत्तर, ‘एकूणपैकी इतके’ हे टक्के.

इतिहासात टक्के? आहेत की! चौथाई आणि सरदेशमुखी हे शब्द तुम्ही पाठ केले आहेत. चौथाई म्हणजे महसुलाचा चौथा भाग, शेकडा पंचवीस. सरदेशमुखी म्हणजे शेकडा दहा. दक्षिणेतल्या सहा सुभ्यांवर हे हक्क वसूल करण्याच्या बादशाही सनदा घेऊन पेशवे बाळाजी विश्वनाथ १७१९ साली दिल्लीहून परतले. परीक्षेत आपण इथे पूर्णविराम देतो. पण पुढे त्या चौथाईचीही वाटणी होत असे. चौथाईपैकी शेकडा २५ बाबती छत्रपतींची, शेकडा ६ साहोत्रा पंतसचिवांचा, शेकडा ३ नाडगौंडा छत्रपती मर्जीने कुणाला देतील त्याचा, आणि उरलेला शेकडा ६६ मोकासा सरदारांच्या फौजेच्या खर्चासाठी. ‘साहोत्रा’ या नावातच ‘सहा’ लपले आहेत, पाहिलंत?

आता विचारा आपला प्रश्न. मोकासा शेकडा ६६, पण कशाचे? महसुलाचे नाही, चौथाईचे. शंभर रुपये महसुलात चौथाई २५ रुपये. त्याचे शेकडा ६६ म्हणजे साडेसोळा रुपये. बाबती सव्वासहा रुपये, साहोत्रा दीड रुपया, नाडगौंडा बारा आणे. बेरीज करून पाहा, पंचवीस भरतात की नाही ते. कॅल्क्युलेटर नसताना कारकून मंडळी हे करत होती, बरं का.

विज्ञानात या. हवेत नायट्रोजन सुमारे ७८ टक्के, ऑक्सिजन २१ टक्के, हे तुम्हाला झोपेतही येतं. आपण उच्छ्वासावाटे जी हवा सोडतो तिच्यात ऑक्सिजन उरतो सुमारे १६ टक्के. म्हणजे वापरला किती? हवेच्या ५ टक्के. पण आत घेतलेल्या ऑक्सिजनच्या किती? २१ पैकी ५, म्हणजे जवळजवळ २४ टक्के. दोन्ही उत्तरं बरोबर! आता एव्हरेस्टच्या शिखरावर जाऊ. तिथे हवेत ऑक्सिजन किती टक्के? ‘अगदी थोडा’ असं म्हणू नका. तिथेही २१ टक्केच. मग गिर्यारोहक नळकांडी का नेतात? कारण तिथे हवाच विरळ, तिचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे एक तृतीयांश. एका श्वासात मिळणारी हवाच तिसरा हिस्सा, मग तिच्यातला ऑक्सिजनही तिसरा हिस्सा. टक्के तेच राहिले आणि माणसाची छाती मात्र फुलली.

पण प्रमाण म्हणजे काय ते खऱ्या अर्थाने शिकायचं तर स्वयंपाकघरात चला. लहान भावंडाला जुलाब लागले की घरात मीठ-साखरेचं पाणी करतात. त्याचं माप आहे: एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. आता घरात लिटरचं भांडं नाही, २०० मिलिलिटरचा पेला आहे. लिटरचा पाचवा भाग. मग साखर सहाचा पाचवा भाग, म्हणजे सव्वा चमच्याला थोडी कमी. आणि मीठ? अर्ध्याचा पाचवा भाग, म्हणजे चमच्याचा दहावा हिस्सा! तो कसा मोजणार? म्हणूनच शक्यतो लिटरभर पाणीच तयार करावं. मीठ अंदाजाने टाकू नये, कारण ते जास्त झालं तर तान्ह्या बाळाला अपाय होतो. दुकानात मिळणाऱ्या ओआरएसच्या पुड्यांचंही तसंच. २०.५ ग्रॅमची पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. ती कुणी एका पेल्यात ओतली तर पाणी पाचपट तीव्र होईल. २०० मिलिलिटरसाठी लहान पुड्याही मिळतात. तेव्हा पुडी फोडण्याआधी तिच्यावरची बारीक अक्षरं घरातल्या कुणीतरी वाचायचीच. तो कुणीतरी तुम्ही का नसावं? (आणि बाळ मलूल दिसलं तर डॉक्टरांकडे न्यायचंच, पाणी केलं म्हणून थांबायचं नाही.)

या साध्या पाण्याने काय केलं आहे ते ऐका. १९७१ साली बांगलादेशाच्या युद्धाच्या वेळी लाखो निर्वासित भारतात आले. पश्चिम बंगालमधल्या बनगाव इथल्या छावणीत कॉलऱ्याची साथ पसरली. शिरेतून द्यायचं सलाईन पुरेना. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खायचा सोडा ठरावीक प्रमाणात मिसळून पाकिटं भरली आणि पिण्याच्या पाण्यात घालून ती रुग्णांना पाजली. पाजायला रुग्णांचेच नातेवाईक होते. छावणीत कॉलऱ्याने मरणाऱ्यांचं प्रमाण शेकडा ३० पर्यंत गेलं होतं. हे पाणी मिळालेल्या रुग्णांत ते शेकडा ४ च्याही खाली आलं. म्हणजे दर शंभर आजाऱ्यांमागे सव्वीसहून अधिक माणसं उठून बसली. डॉक्टरांना २०२३ साली मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

शेतकऱ्यांच्या घरातल्या मुलांनी खताचं पोतं पाहिलं असेल. त्यावर १०:२६:२६ असं छापलेलं असतं. दिसतं गुणोत्तरासारखं, पण हे आहेत टक्के: नत्र १०, स्फुरद २६, पालाश २६. ५० किलोच्या पोत्यात किती किलो? ५, १३ आणि १३. बेरीज झाली ३१. मग उरलेले १९ किलो दुकानदाराने खाल्ले का? नाही हो. ही पोषकद्रव्यं सुटी नसतात, दुसऱ्या मूलद्रव्यांशी बांधलेल्या संयुगांच्या रूपात असतात. वजन त्यांचंही भरतं.

चित्रकलेच्या तासाला तिरंगा काढता, तेव्हा लांबी-रुंदीचं प्रमाण ३:२ ठेवता का? लांबी १८ सेंटिमीटर घेतली तर रुंदी १२ हवी. आणि बाळाचं चित्र काढताना मोठ्या माणसाचं चित्र लहान करून चालत नाही. मोठ्या माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या साधारण साडेसातपट असते, नवजात बाळाची जेमतेम चौपट. डोकं नीट मोठं काढलंत, की कागदावर बाळ दिसायला लागतं.

मुंबई-पुणे गाडीने जाणाऱ्यांसाठीही एक हिशेब. बोरघाटात लोहमार्गाचा चढ ३७ मध्ये १ इतका आहे. ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. शंभर मीटर पुढे गेल्यावर किती वर? २.७ मीटर, म्हणजे २.७ टक्के चढ. ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण तेवढ्यासाठी कर्जतला गाडीला मागून जादा इंजिनं जोडावी लागतात.

आता जाता जाता तुमच्यासाठी एक उदाहरण. दुकानावर पाटी आहे, ‘५० टक्के सूट, त्यावर आणखी २० टक्के सूट!’ आत एक हजार रुपयांचा स्वेटर टांगला आहे. खिशात साडेतीनशे रुपये आहेत. स्वेटर घेता येईल का? उत्तर याच अंकात शोधू नका, छापलेलं नाही. आधी आईबाबांना विचारा, आणि त्यांनी ‘येईल की!’ म्हटलं तर कागद-पेन्सिल त्यांच्या हातात द्या.