लवकर रिटायर व्हायचं ठरलं, पण राहायचं कुठे आणि घर कुणाच्या नावावर?

सीबीडी बेलापूरमध्ये पन्नाशी ओलांडलेल्या आपल्या लोकांत हल्ली एकच विषय निघतो: बस झालं आता, व्हीआरएस घेऊन गावी जायचं. कोकण भवन, सिडको, कोकण रेल्वे, बँका, महापालिका यांत नोकरी करणारे आहेत, तसेच सौदी-कुवेतहून परतलेलेही आहेत. यातल्या बऱ्याच जणांचं मूळ गाव रायगड किंवा रत्नागिरीत. श्रीवर्धन, म्हसळा, महाड, मंडणगड, दापोली, खेड. गावी जुनं घर आहे, नाहीतर घरासाठी जागा आहे. बेलापूरला सिडकोचा एक फ्लॅट आहे. मुलं शिकून मार्गी लागत आहेत. मग साठीपर्यंत थांबायचं कशाला?

आमच्या मते प्रश्न चुकीचा नाही. आजारपणाआधी तब्येतीची आणि कामात अडकण्याआधी रिकाम्या वेळेची कदर करा, असं हदीसमध्ये सांगितलेलंच आहे. हजचंच घ्या. सफा-मरवाचे सात फेरे म्हणजे साधारण तीन किलोमीटरहून जास्त चाल, त्यात तवाफ, मीना, अरफात. 2024 च्या हजमध्ये उन्हाने तेराशेहून जास्त माणसं दगावली. गुडघे शाबूत असताना हज करणं आणि व्हीलचेअर ढकलणारा सोबत घेऊन करणं यात फरक आहे. फर्ज झालेला हज ‘रिटायर झाल्यावर बघू’ म्हणून पुढे ढकलण्यात शहाणपण नाही. पण नोकरी सोडण्याआधी पैशाचा, दवाखान्याचा आणि घराच्या मालकीचा हिशेब मांडावा लागतो. यातला शेवटचा तर कुणी मांडतच नाही.

पैशाचं थोडक्यात. राज्य सरकारी कर्मचाऱ्याला 20 वर्षांची अर्हताकारी सेवा झाली की तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते. 1 नोव्हेंबर 2005 पूर्वी लागलेल्यांना जुनी पेन्शन आहे, त्यांचं गणित सोपं. नंतर लागलेल्यांनी एनपीएसचे नियम नीट वाचावेत. वेळेआधी बाहेर पडलं तर जमा रकमेचा मोठा भाग वार्षिकीत अडकतो, हातात थोडेच येतात. खासगी नोकरीवाल्यांची ईपीएफची पेन्शन 58 ला सुरू होते. 50 नंतर लवकर घेता येते, पण आधी घेतलेल्या प्रत्येक वर्षामागे 4 टक्के कपात होते आणि ती कायमची राहते. शिवाय ज्यांनी जादा पगारावर हिस्सा भरलेला नाही, त्यांची पेन्शन 15,000 रुपये पगार धरून निघते. म्हणजे आयुष्यभर नोकरी करूनही महिना सात-साडेसात हजारांच्या पुढे जात नाही. गल्फवाल्यांना तेवढीही नाही. तिथे सेवा संपल्यावर एकरकमी ग्रॅच्युइटी मिळते आणि हिशेब मिटतो.

व्याजाचा प्रश्न आपल्या घरांत वेगळा असतो. शेजारचे लोक निवृत्तीची रक्कम सिनियर सिटिझन योजनेत टाकून निवांत होतात, आपल्याला ते जमत नाही. सक्तीने कापल्या जाणाऱ्या पीएफवर मिळणारी वाढ बऱ्याच उलेमांनी जायज मानली आहे, स्वतःहून जास्त कापून घेतलेल्या रकमेबाबत ते सावध आहेत. आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारूनच ठरवावं. शरियतच्या कसोटीवर शेअर निवडणारे टाटा एथिकलसारखे फंड आहेत, पण ते शेअर बाजाराचे फंड आहेत. एखाद्या वर्षी पंधरा-वीस टक्के खाली गेले तर घरखर्च थांबवता येत नाही. म्हणून व्याज टाळणाऱ्या कुटुंबाला दर महिन्याला येणाऱ्या हलाल पैशाचा भरवशाचा मार्ग बहुतेक वेळा एकच असतो: भाडं. आणि भाडं देणारी चीज म्हणजे बेलापूरचा फ्लॅट. तोच विकून गावी बंगला बांधायची घाई आपल्याकडे होते. गावचा बंगला कितीही देखणा असला तरी तो महिन्याला काही देत नाही, उलट रंग, पत्रे आणि राखणदार मागतो.

दवाखान्याचं बोलू. नोकरी सोडली की ऑफिसचा मेडिक्लेम बहुतेक ठिकाणी संपतो. 70 पूर्ण झालेल्या प्रत्येकाला आयुष्मान योजनेत वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण ऑक्टोबर 2024 पासून मिळतं, उत्पन्नाची अट नाही. पण 54 ला नोकरी सोडणाऱ्याला सत्तरीपर्यंत सोळा वर्षं काढायची आहेत, आणि शुगर-बीपी याच काळात अंगाशी येतात. नवीन पॉलिसीत आधीपासून असलेल्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून नोकरी सोडायच्या तीन वर्षं आधीच नवरा-बायकोची स्वतंत्र पॉलिसी घ्यावी. ऑफिसचं कव्हर चालू असतानाच थांबण्याचा काळ निघून जातो. आजार लपवून पॉलिसी घेऊ नये. क्लेमच्या वेळी तेच नडतं, आणि ते खोटं बोलणंही आहेच.

आता कुठे राहायचं. बेलापूर म्हातारपणाला वाईट नाही. एका बाजूला पारसिकची टेकडी, दुसऱ्या बाजूला खाडी, सकाळी फिरायला सरोवर विहार, मोठी इस्पितळं जवळ, स्टेशनवर लोकल आणि 2023 पासून मेट्रोही. चार्ल्स कोरिआंनी 1980 च्या दशकात वसवलेल्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये तर सात-सात घरांना एक अंगण आहे, अगदी मोहल्ल्यासारखं. अडचण आहे ती सिडकोच्या जुन्या चार मजली इमारतींची. लिफ्ट नाही. चाळिशीत न जाणवलेले तीन जिने सत्तरीत माणसाला घरात कोंडतात. आधी जुम्मा सुटतो, मग बाजार, मग खाली उतरणंच. अशा घरात असाल आणि पुनर्विकास दूर दिसत असेल तर त्याच परिसरात तळमजला किंवा लिफ्टचं घर बघणं हे गावचं घर बांधण्याइतकंच महत्त्वाचं काम आहे.

गावाची ओढ आम्ही नाकारत नाही. तिथे जमात आहे, अजान घरात ऐकू येते, आजोबा-पणजोबा ज्या कब्रस्तानात आहेत तिथेच आपली मिट्टी व्हावी असं वाटतं. दिवसभर दारावरून जाणारा प्रत्येक माणूस सलाम करतो. हे बेलापुरात मिळत नाही. पण गाव म्हणजे मे महिन्याची सुट्टी नव्हे. 3 जून 2020 चं निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावरून आत शिरलं तेव्हा घरांची कौलं-पत्रे उडाले, कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. नवीन सुपारी धरायला पाच-सहा वर्षं लागतात. ‘वाडीच्या उत्पन्नावर म्हातारपण काढू’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. पुढच्याच वर्षी, जुलै 2021 मध्ये महाड पाण्याखाली गेलं. शिवाय छातीत दुखू लागलं तर अँजिओप्लास्टीची सोय किती तासांवर आहे? डायलिसिस लागलं, तर आठवड्यातून दोन-तीनदा कुठे जायचं? ही चौकशी घराचा पाया खणण्याआधी करायची.

आमचा सल्ला असा की आधी एक अख्खा पावसाळा गावी राहून बघा. सुट्टी घेऊन, बिनपगारी घेऊन, कसंही. जून ते सप्टेंबर. वीज जाते, रस्ता खचतो, बुरशी चढते, तालुक्याला डॉक्टर कधी असतो कधी नसतो. चार महिन्यांनंतरही दोघांना तिथेच राहावंसं वाटलं तर बेलापूरचा फ्लॅट भाड्याने द्या, विकू नका. साठी ते सत्तरी गावी, आणि पाय थकले की परत शहरात, हा रस्ता उघडा राहतो. माणगाव, वीर, खेड ही कोकण रेल्वेची स्टेशनं पनवेलशी जोडलेली आहेत. एसटीत 65 नंतर अर्धं तिकीट आणि 75 नंतर मोफत आहे. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मात्र 2020 मध्ये बंद झाली ती झालीच.

‘दोघांना’ हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. गावी जायचा हट्ट बहुतेक घरांत पुरुषाचा असतो. त्याचं ते बालपणाचं गाव. बायकोसाठी ते सासर आहे. तीस वर्षं तिने बेलापुरात मैत्रिणी, बाजार, डॉक्टर, इज्तेमा असं स्वतःचं जग उभं केलेलं असतं. गावी गेल्यावर नवरा मस्जिदीत आणि कट्ट्यावर जातो, ती पुन्हा चुलीपाशी आणि पाहुण्यांच्या सरबराईत. तो रिटायर होतो, ती होत नाही.

आणि तो आधी गेला तर? अल्लाह सगळ्यांना उमर देवो, पण हिशेब करावाच लागतो. समजा बेलापूरचा फ्लॅट 80 लाखांचा, फक्त नवऱ्याच्या नावावर. आई-वडील आधीच वारलेले, मागे पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी. कर्ज आणि बाकी राहिलेला मेहर आधी चुकता होतो. तसं काही नसेल तर पत्नीला आठवा हिस्सा म्हणजे 10 लाख, मुलांना 28-28, मुलीला 14. फक्त मुली असतील तर उरलेला हिस्सा मयताच्या भावांकडे जातो. मूलच नसेल तर पत्नीला चौथाई. हा शरियतचा कायदा आहे आणि त्यात न्यायच आहे, कारण आईला सांभाळणं मुलांवर जबाबदारी म्हणून टाकलेलं आहे. पण मुलगा दुबईला, दुसरा पुण्याला, आणि घर विकायचं ठरलं, तर आठव्या हिश्श्यात त्या बाईला बेलापुरात एक खोलीही येत नाही. सोसायटीत नॉमिनी म्हणून तिचं नाव आहे, एवढ्यावर अनेक जण निर्धास्त असतात. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. शेअर्स आणि फंडांबाबतही सुप्रीम कोर्टाने डिसेंबर 2023 मध्ये हेच सांगितलं. वसीयतही इथे फारशी चालत नाही. ती एक तृतीयांशपर्यंतच, आणि वारसाच्या नावे केली तर बाकी वारसांची संमती लागते.

मार्ग आहे तो हयातीतल्या हिब्याचा. देणाऱ्याने जाहीर करणं, घेणाऱ्याने कबूल करणं, आणि ताबा देणं, या तिन्ही गोष्टी व्हाव्या लागतात. तोंडी हिबा वैध असला तरी सोसायटी आणि सिडकोच्या दप्तरी नाव चढवायचं तर नोंदणीकृत दस्तच करावा. महाराष्ट्रात राहतं घर पत्नीला किंवा मुलांना बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे, नोंदणी फी आणि स्थानिक अधिभार वेगळे. जमीन सिडकोच्या भाडेपट्ट्याची असेल तर आधी त्यांची परवानगी बघावी. मुलांना बसवून, सगळ्यांसमोर करावं. एकाला देऊन दुसऱ्याला वंचित ठेवण्याविरुद्ध रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी स्पष्ट ताकीद दिलेली आहे, त्यामुळे हेतू आईच्या छपराचा आहे हे मुलांना माहीत असलं पाहिजे.

गावच्या जागेचंही तेच. घर बांधण्याआधी सातबारा किंवा मालमत्ता पत्रक काढा. आजोबांचं नाव अजून तसंच, चुलते अर्धे, आणि आत्या-बहिणींची नावंच नाहीत, असे उतारे आपल्या गावांत हवे तेवढे सापडतील. बहिणीने कधी मागितलं नाही म्हणजे तिने सोडलं असं होत नाही. तिचा हिस्सा तिला देऊन किंवा विकत घेऊन, तसं कागदावर आणून मगच पाया घाला. तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज आजच द्या. सगळे वारस हयात असताना जे दोन महिन्यांत होतं, ते नंतर पुतण्यांच्या सह्या गोळा करत वर्षानुवर्षं चालतं.