डुलांमागचा दगड

मुलांनो, आईच्या कानांतले सोन्याचे डूल पाहिलेत ना? जोडीचं वजन असेल चारेक ग्रॅम. पण तेवढं सोनं मिळवायला किती दगड फोडावा लागतो, सांगा पाहू!

त्यासाठी आपण हट्टीला जाऊ. नाव ऐकून हसू नका बरं का! कन्नडमध्ये हट्टी म्हणजे वाडी-वस्ती. हे गाव कर्नाटकातल्या रायचूर जिल्ह्यात आहे. 1956 पर्यंत रायचूर आणि आमचा धाराशिव, म्हणजे तेव्हाचा उस्मानाबाद, हे एकाच हैदराबाद राज्यातले जिल्हे होते. मुलूखही आमच्यासारखाच. ऊन कडक, पाऊस बेताचा, उघडे माळ आणि ज्वारीची शेतं. पण हट्टीच्या खडकात सोनं आहे!

ते जुन्या लोकांना सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच ठाऊक होतं. ते खडकाला जाळ लावून तापवत, मग त्यावर पाणी ओतत. दगड तडकला की फोडून काढत. असं करत ते जवळजवळ 640 फूट खोल गेले, तेही यंत्रांशिवाय! त्याच भागातल्या मस्की इथं 1915 साली बीडन नावाचा इंजिनिअर सोनं शोधत होता. त्याला सापडला सम्राट अशोकाचा शिलालेख. त्यात चक्क ‘अशोक’ हे नाव कोरलेलं आहे!

इंग्रजांच्या काळात चाललेली हट्टीची खाण 1920 साली बंद पडली. 1947 साली हैदराबाद गोल्ड माइन्स कंपनी निघाली आणि 1948 पासून पुन्हा सोनं निघू लागलं. ओसाड माळावर कामगारांची वसाहत उभी राहिली. खाण आजही चालू आहे.

खाणीतलं काम मात्र सोपं नाही. जमिनीखाली अंधार, उकाडा आणि सुरुंगांचे स्फोट. दगड वर आणून गिरणीत पिठासारखा दळतात, मग सायनाइडच्या पाण्यात त्यातलं सोनं विरघळवून वेगळं करतात. सायनाइड म्हणजे जहाल विष! शिवाय दगडाची बारीक धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली, तर सिलिकोसिस हा फुप्फुसांचा रोग जडतो. तो बरा होत नाही. म्हणून भोकं पाडताना पाणी मारून धूळ दाबावी लागते.

आता आपलं गणित. एक टन दगडातून चार ग्रॅम सोनं निघतं असं धरू. म्हणजे आईच्या डुलांसाठी क्विंटलची दहा पोती भरून दगड!

घरातल्या आणखी एखाद्या दागिन्याचं गणित तुम्हीच मांडा. उत्तर घरी सगळ्यांना सांगा. आणि तो दगड कुणी फोडला, तेही सांगा.