पोथी राणीची, हात कुणाचा?

लग्नात आलेल्या तांब्यावर देणाऱ्याचं नाव कोरलेलं असतं, घडवणाऱ्या तांबटाचं कधी नसतं. मैत्रिणींनो, युरोपात छपाई येण्यापूर्वी श्रीमंत घरांतून प्रार्थनेच्या ज्या सचित्र पोथ्या असत, त्यांचीही गत बरीचशी अशीच.

दिवसातून आठ वेळा म्हणायच्या प्रार्थना या पोथ्यांत असत. त्या करून घेणं म्हणजे मोठा खर्च! वासराचं कातडं चुन्याच्या पाण्यात भिजवायचं, खरवडायचं, ताणून वाळवायचं, तेव्हा कुठं पानं तयार होत. शाईसाठी हिराकस आणि मायफळ लागे. हो, आपल्या बाळगुटीतलंच! सोन्याचा वर्ख लावून तो गुळगुळीत दगडानं किंवा कुत्र्याच्या दातानं घोटत. निळा रंग पार अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून येणाऱ्या लाजवर्द नावाच्या दगडाचा. पांढऱ्या कपड्यांना देतो ती निळीची पूड म्हणजे त्याच रंगाचं कारखान्यातलं स्वस्त रूप.

फ्रान्सचा राजा चौथा चार्ल्स याची राणी, एव्ह्रो घराण्यातली जान. तिची पोथी १३२४ ते १३२८ च्या दरम्यानची, बहुधा नवऱ्यानंच करवून दिलेली. पानं २०९, पानभर चित्रं २५, आणि उंची जेमतेम नऊ सेंटिमीटर! तळहातावर मावेल एवढी. गुडघे टेकून प्रार्थना करणारी राणीही तीत चितारली आहे. आज ही पोथी न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयाकडे आहे.

राणी १३७१ मध्ये वारली. मृत्युपत्रात तिनं एक चिमुकली प्रार्थनापोथी पाचव्या चार्ल्स राजाला दिली आणि ती प्युसेलनं रंगवल्याचं नमूद करवलं. ती हीच पोथी, असं जाणकार मानतात. या पोथीशी चित्रकाराचं नाव जोडता येतं ते तिच्या या नोंदीमुळं.

तुम्ही म्हणाल, यात बाईचा हात कुठं? ऐका तर. जर्मनीत दालहाइम इथं ख्रिस्ती साध्वींचा मठ होता. तिथं सुमारे नऊशे वर्षांपूर्वी पुरलेल्या एका बाईच्या दातांवरच्या किटणात लाजवर्दाचे निळे कण सापडले. हे संशोधन २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. बाईचं वय ४५ ते ६० च्या दरम्यान. सुईत ओवताना दोरा आपण ओठांत ओला करतो ना, तशी ती कुंचल्याला टोक काढत असावी, असा संशोधकांचा कयास आहे. इतका महागडा रंग शिकाऊ हाती कोण देईल? म्हणजे ती चांगली कसबी चित्रकार असणार. तिचं नाव मात्र कुणालाच ठाऊक नाही.

तेव्हा लेकीच्या रुखवतासाठी चादर भराल, देवाच्या पोथीला वेष्टण शिवाल, तेव्हा एका कोपऱ्यात आपल्या नावाचे चार टाके जरूर घाला. आईच्या, सासूबाईंच्या हातचं जे घरात असेल, त्यावरही त्यांचं नाव लिहून ठेवा. आणि सालही घाला, बरं का!