नेट मंदावले तरी शब्द पोहोचावा

हिंगोली-वसमतच्या हळद बाजारातून परगावच्या व्यापाऱ्याला व्हिडिओ कॉलवर माल दाखवताना चित्र अचानक धूसर होते. तो सहसा मोबाइलचा बिघाड नसतो. वाटेत किती माहिती गहाळ झाली, किती उशिरा पोहोचली, हे अ‍ॅप सतत मोजत असते. नेटवर्क क्षीण होताच ते चित्राची सुस्पष्टता कमी करून आवाज राखते. २०१२ मध्ये प्रमाणित झालेले ‘ओपस’ हे ध्वनितंत्र सेकंदाला अवघ्या ६ किलोबिटांतही बोलणे पोहोचवते. स्वच्छ चित्राला मात्र शेकडो किलोबिट लागतात.

‘सदुसष्ट’चे ‘अडुसष्ट’ ऐकू आले, तरी सौदा वादात सापडतो. म्हणून नेट अडखळताच कॅमेरा बंद करावा, भाव दोनदा उच्चारावा आणि लेखीही कळवावा. हळदीच्या रंगाची पारख धूसर चित्रावरून करू नये. त्यासाठी नमुनाच मागवावा.