विश्लेषण : ‘हत्था जोडी’ ही मुळी नव्हेच! घोरपडीच्या जिवावर कोण उठले आहे?

घरात पैसा टिकावा, कोर्टकचेरीत यश यावे म्हणून शेंदूर लावून डबीत जपली जाणारी ‘हत्था जोडी’ ही दुर्मीळ वनस्पतीची मुळी असल्याचे सांगितले जाते. प्रत्यक्षात ते नर घोरपडीचे वाळवलेले जननेंद्रिय असते. ते दुहेरी असल्याने जोडलेल्या हातांसारखे दिसते, इतकेच. ऑक्सफर्ड विद्यापीठातील संशोधक आणि ‘वर्ल्ड अ‍ॅनिमल प्रोटेक्शन’ या संस्थेने २०१७ मध्ये या मुळीचा ऑनलाइन बाजार उघड केला. घेणाऱ्यांपैकी अनेकांना आपण काय पूजतो आहोत याचा पत्ताच नसतो.

घोरपड राहते कुठे, खाते काय?

खडकांच्या कपारी, बिळे आणि झाडांच्या ढोली ही तिची घरे. शेपटीसह लांबी पावणेदोन मीटरपर्यंत भरते. दुभंगलेली जीभ सतत आतबाहेर होते ती वास टिपण्यासाठी. डंख मारण्यासाठी नव्हे. भुंगेरे, अळ्या, खेकडे, उंदीर, अंडी, मेलेली जनावरे असे काहीही तिला चालते. शेतकऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर फुकटची राखणदारच. संकट आले की ती कपारीत शिरते, अंग फुगवते आणि नख्या रोवते. मग तिला ओढून काढणे महाकठीण.

याच पकडीतून सिंहगडाची कथा जन्मली का?

१६७० मध्ये तानाजी मालुसरे यांनी यशवंती नावाच्या घोरपडीला दोर बांधून कडा सर केल्याची कथा घराघरात सांगितली जाते. इतिहासाच्या अभ्यासकांना ती मान्य नाही. पाच-सात किलोंचा प्राणी गडी माणसाचा भार पेलेल, हे पटणारे नाही. तरी चिकटून राहण्याचा तिचा गुण लोकांनी अचूक हेरला होता, हे खरे. घोरपडे घराण्याच्या नावामागेही अशीच कड्याची आख्यायिका आहे.

गोव्याच्या घुमटाचे काय झाले?

आरती असो वा मांडो, घुमटाशिवाय गोव्यात रंग भरत नाही. दोन्ही बाजूंनी उघड्या मातीच्या घटाचे मोठे तोंड पूर्वी घोरपडीच्या कातड्याने मढवत. वन्यजीव कायद्याने ते बेकायदा ठरले आणि वादक बकऱ्याच्या कातड्याकडे वळले. नादात फरक पडतो, अशी जुन्या वादकांची तक्रार असते. पण वाद्य टिकले. २०१९ मध्ये गोवा सरकारने त्याला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली. दक्षिणेतील कंजिऱ्यालाही हेच कातडे लागत असे.

मांस, तेल आणि कायदा

मांसाने ताकद येते, चरबीच्या तेलाने सांधे मोकळे होतात, या समजुतींपायी आजही घोरपडी मारल्या जातात. या दाव्यांना वैद्यकीय आधार नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात घोरपड अनुसूची १ मध्ये, म्हणजे वाघाच्याच रांगेत आहे. शिकार, विक्री किंवा तिचे अवयव बाळगणे यासाठी तीन ते सात वर्षे कैद आणि दंड होऊ शकतो. ‘मला वाटले मुळी आहे’ ही सबब देऊन सुटका होईल, या भरवशावर कुणी राहू नये. घरात किंवा विहिरीत घोरपड दिसली, तर काठी न उचलता वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवावे.